दुर्गा खेळली तो हिवाळा

यंदा थंडी लवकर आली. दिवाळीचे कंदील उतरवायच्या आधीच स्वेटर काढावे लागले. सकाळी दूध घ्यायला फाटकाशी उभी राहते, तेव्हा जबलपुरातल्या आमच्या चेरीतालच्या गल्लीतून एकामागून एक स्कूटर जातात. पुढे बाप, मागे मुलगी, मुलीच्या पाठीवर तिच्याइतकीच मोठी बॅग. कोणी क्रिकेटला चाललेली, कोणी हॉकीला, समोरच्या घरातली नात ज्युडोला. बाप लोक चौकात थांबून एकमेकांना विचारतात, "आपकी बेटी क्या खेलती है?" पूर्वी मुलगी कितवीत आहे ते विचारायचे, आणि तेही विचारायचे तर.

मुलींच्या खेळाला दिवस आले आहेत असं सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. मुलींची मॅच असली की पानाच्या टपरीवर टीव्ही लागतो. मोठ्या स्पर्धेत मुली जिंकल्या त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत फटाके फुटले, कोणीतरी पेढेसुद्धा वाटले. मी पेढा घेतला, हातात धरून घरात आले आणि ओट्यावर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या तेव्हा टाकला. आनंद झाला नाही असं नाही. पण थंडी आणि मुलींचा खेळ ही दोन्ही एकत्र आली की माझ्या छातीत काहीतरी खाली बसतं, आणि मग दिवसभर कशात लक्ष लागत नाही. तीन वर्षं झाली याला.

शोभाताई माझी थोरली बहीण. सहा वर्षांनी मोठी. तिनं लग्न केलं नाही. हॉकी खेळली, राज्याकडून खेळली, त्यावर रेल्वेत लागली आणि रेल्वेतूनच निवृत्त झाली. मी केंद्र सरकारच्या एका ऑफिसात तीस वर्षं फायली हलवल्या. यजमान गेले, मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा मी बाबांनी बांधलेल्या या घरात ताईजवळ येऊन राहिले. दोघी बहिणी, तीन खोल्या, मागे एक पेरूचं झाड.

ताई खेळायची तेव्हा मुलींचा सामना बघायला जे येत, ते खेळ बघायला येत नसत. स्कर्ट घातलेल्या मुली धावताना बघायला येत. कोणी काही बोललं की ताई ऐकलं न ऐकलंसं करायची आणि पुढचा बॉल इतक्या जोरात मारायची की गोलच्या फळीचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. बाबा फॅक्टरीत होते. शिफ्ट सुटली की सायकलीवर मैदानाकडे यायचे, पण आत यायचे नाहीत. भिंतीपलीकडे सायकलीला टेकून उभे राहायचे आणि घरी आल्यावर विचारायचे, "मग, काय झालं आज?" जसं काही पाहिलंच नाही. ताईला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आईलाही ठाऊक होतं. चौघांनी मिळून ते सांभाळलं.

पुढे एका मोठ्या संघात ताईची निवड जवळजवळ झाली होती. शेवटच्या यादीत तिच्या जागी दुसरीच मुलगी आली. वय कमी दाखवून आलेली, खोट्या दाखल्यावर. सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोललं नाही. ताईही बोलली नाही. पण तेव्हापासून कागद म्हटला की तिच्या कपाळावर एक रेघ उमटते.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या थंडीत ताई अचानक पुन्हा मैदानावर जायला लागली. तोवर गुडघ्यांमुळे ती भाजीलासुद्धा जात नसे. पण शेजारपाजारच्या आयांनी धरलं, "दीदी, आप तो इतना खेली हैं, हमारी लड़कियों को सिखा दीजिए न." नाही नाही म्हणत एका सकाळी ती मफलर गुंडाळून निघाली. परत आली तेव्हा नाक लाल झालं होतं, बुटांना ओला मुरूम चिकटला होता, आणि चहाचा कप दोन्ही हातांत धरून ती म्हणाली, "मीने, चौदा पोरी आल्या. चौदा! आमच्या टायमाला अकरा जमवता जमवता जीव जायचा."

त्या महिन्यात ताई तरुण झाली असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. गुडघे दुखायचेच. संध्याकाळी मी तेल लावून द्यायचे तेव्हा ती डोळे मिटून कण्हायची. पण कण्हता कण्हता बोलायची ते मैदानाचंच. अमकी धावते चांगली पण वाकत नाही, तमकीच्या मनगटाला जोर नाही. आमच्या घरात बऱ्याच वर्षांनी कोणाच्या तरी उद्याबद्दल बोलणं सुरू झालं होतं.

दुर्गा आली ती अशीच, बाजूनं. आमच्याकडे भांडी-लादीला रामकली येते. तिच्या बहिणीचं घर कुंडमच्या पुढे, साल आणि मोहाच्या जंगलातल्या एका छोट्या गावात. तिथं आठवीनंतर शाळा दूर, म्हणून बहिणीनं मुलीला शिकायला रामकलीकडे पाठवलं होतं. तीच दुर्गा. सकाळी मावशीसोबत कामाला हात लावायला यायची आणि काम संपलं की मैदानाच्या कडेला उभी राहायची. एकदा बॉल तिच्याकडे गेला. तिनं पडलेली एक स्टिक उचलली, बॉल अडवला, आणि घ्यायला आलेल्या मुलीला चुकवून दहा पावलं पुढे नेला. सगळ्या हसल्या. ताई हसली नाही.

घरी येऊन म्हणाली, "ती पोरगी बॉलकडे पाहूनच नाही राहिली. समोरचीच्या कमरेकडे पाहून राहिली. हे मला शिकायला चार वर्षं लागली."

दुसऱ्या दिवशी ताईनं तिला विचारलं, हे कुठं शिकलीस. दुर्गा आधी लाजली, मग म्हणाली, "दीदी, बकरी चराते हैं न. बकरी किधर भागेगी, पहले कमर बताती है. मुँह तो वो दूसरी तरफ ही रखती है."

ताईनं ते महिनाभर भेटेल त्याला सांगितलं.

ताईला ती बड़ी दीदी म्हणायची, मला छोटी दीदी. काळीसावळी, हडकुळी, बोलायला कमी, पण एकदा हसली की थांबायची नाही. ताईनं तिला नडगीवर बांधायचे आपले जुने शिनगार्ड दिले. नवी स्टिक आणून दिली तेव्हा ती दोन दिवस तिनं वापरलीच नाही, नुसती सोबत आणायची आणि जुन्या स्टिकनं खेळायची. ताई ओरडली तेव्हा म्हणाली, "घिस जाएगी."

डिसेंबरातल्या एका रविवारी दुसऱ्या कॉलनीच्या मुलींशी सामना ठरला. ते दृश्य मला अजून दिसतं. धुकं दहा वाजेपर्यंत हटेना. मग एकदम ऊन पडलं आणि बघावं तर मैदानाच्या चारी कडांना माणसं. घराघरातून खुर्च्या आल्या होत्या. बायका स्टीलच्या परातीत मटार घेऊन आल्या होत्या. आमच्या जबलपूरला त्या दिवसांत घरोघरी मटार सोलणं चालतं, आणि बायका शेंगा सोलता सोलता मुलींचा सामना बघत होत्या. कोणी गोलजवळ पोचलं की हात थांबायचे, शेंग अर्धी उघडी राहायची. पुरुष ओरडत होते, आणि जे ओरडत होते ते खेळाबद्दलच होतं. "पास दे, पास दे! दाएँ देख!" मी ताईकडे पाहिलं. ती खाली मान घालून बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत होती.

दुर्गानं दोन गोल केले. दुसरा गोल कोणीतरी मोबाईलवर टिपला आणि संध्याकाळपर्यंत तो गल्लीभर फिरला. आमच्या मराठी मंडळातल्या बायका मला फोन करून म्हणाल्या, "तुमची ती दुर्गा काय खेळते हो!" तुमची दुर्गा. मला ते ऐकायला फार गोड वाटलं, हे कबूल करायला हवं.

जानेवारीच्या शेवटी सोळा वर्षांखालच्या मुलींची निवड होणार होती. निवड झाली की राहणं, खाणं, शाळा, मैदान, सगळं सरकारी अकादमीत. ताईनं चार मुलींचे फॉर्म भरले. तिघींचे कागद ठीक होते. दुर्गाच्या कागदावर ती सोळा पूर्ण झालेली होती.

"चौदाची आहे ती. दिसत नाही का?" ताई फॉर्म पुढे धरून मलाच विचारत होती.

झालं होतं असं, की गावच्या शाळेत नाव घालताना मास्तरांनी जुलैची पहिली तारीख टाकून दिली होती, वर्ष अंदाजानं. त्या शाळेतली अर्धी मुलं जुलैच्या पहिल्या तारखेलाच जन्मलेली आहेत. मग आधारवरही तेच गेलं. खरा जन्म पौषातला, दोन वर्षांनंतरचा. आईला तो पक्का आठवत होता, आणि अंगणवाडीच्या जुन्या वहीत त्याची नोंदही होती. जन्माचा दाखला मात्र कधी काढलाच नव्हता.

"हे तुझं काम," ताई मला म्हणाली. "तू जन्मभर कागदच केलेस."

खरंच होतं ते. मी कामाला लागले. अंगणवाडीच्या वहीची प्रत काढून आणली, शपथपत्र टाईप करून घेतलं, अर्ज लिहिला. कुंडमला तहसिलीत एकदा जाऊनही आले. दीड तासाचा रस्ता, बसच्या फटीतून वारा अंगावर येतो. तिथले बाबू चांगले होते. म्हणाले, "मैडम, सोमवार को आ जाइए, लड़की के पिताजी को साथ लाइए. साहब उनका बयान ले लेंगे, उसी दिन आदेश हो जाएगा. उसके बाद साहब ट्रेनिंग में चले जाएँगे, ध्यान रखिएगा." मी ध्यान ठेवलं. दुर्गा शनिवारीच गावी गेली, बापाला घेऊन सोमवारी तहसिलीत यायचं ठरलं. सगळे कागद माझ्या पिशवीत होते. हिरवी पिशवी, दाराच्या खुंटीला अडकवलेली.

रविवारी संध्याकाळी आमच्या मराठी मंडळातून फोन आला. शहरातली एक मुलगी क्रिकेटमध्ये पुढे गेली होती, तिचा सत्कार ठरला होता येत्या शनिवारी. ती दौऱ्यावर जाणार म्हणून तो सोमवारी दुपारी घ्यावा लागत होता. "सूत्रसंचालन तुम्हालाच करायचंय, वहिनी. तुमच्याशिवाय कोण आहे?"

मी म्हणायला हवं होतं, मला काम आहे. मी म्हटलं, बघते. रात्रभर बघायचं काही नव्हतंच. सकाळी मी हिरवी पिशवी खुंटीलाच ठेवली आणि कपाटातून जांभळी सिल्कची साडी काढली. रामकलीला म्हटलं, "जीजाजी को फोन कर दे, मैडम कल आएँगी." ती भांडी घासता घासता म्हणाली, "बोल दूँगी दीदी." ताई तेव्हा मैदानावर होती. तिनं परत येऊन विचारलं, "काहून गं, गेली नाहीस?"

"धुक्यानं बस सुटली नाही. स्टँडवरून परत आले. उद्या जाते."

धुकं खरंच होतं. ताईनं खिडकीबाहेर पाहिलं आणि मान हलवली.

सत्कार छान झाला. ती क्रिकेटवाली मुलगी अगदी साधी होती, आईचा हात धरून बसली होती. मी बोलले. मुलींच्या खेळाबद्दल बोलले, ताईच्या काळाबद्दल बोलले, भिंतीपलीकडे उभ्या राहणाऱ्या बाबांबद्दल बोलले तेव्हा दोघीतिघींनी डोळे पुसले. आणि शेवटी म्हणाले, "आमच्या चेरीतालच्या मैदानावरही एक दुर्गा घडते आहे. जंगलातल्या गावातून आलेली. तिचं नाव लक्षात ठेवा." टाळ्या वाजल्या. बऱ्याच वाजल्या. दुपारचे तीन वाजले असतील.

मंगळवारी मी कुंडमला गेले. बाबू म्हणाले, "कल आना था न मैडम. साहब तो आज सुबह निकल गए. दस-बारह दिन लगेंगे." दुर्गा नव्हती, तिचा बापही नव्हता. मी अर्ज देऊन पोच घेतली आणि बाहेरच्या बाकावर तासभर त्यांची वाट पाहिली. निरोप पोचला नसेल, एवढंच मनाशी म्हटलं, आणि त्याच्या पुढचं वाक्य मनात येऊ दिलं नाही. आज या हे त्यांना कळलं नसेल, तर काल येऊ नका हे तरी कसं कळलं असेल? हे इतकं सरळ वाक्य. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या अर्जातल्या चुका काढत आले होते.

निवडीला सहा दिवस उरले होते. मैदानावर येणारा एक जण, मुलींना कुठं कुठं खेळायला नेतो, तो ताईला म्हणाला, "दीदी, इतना क्यों परेशान हो रही हैं? तारीख दो दिन में ठीक करवा देंगे. सब करवाते हैं."

"खोटा कागद?"

"खोटा कहाँ, दीदी? उमर तो सच्ची ही लिखेंगे. बस काग़ज़ अपने ढंग से बनेगा."

ताई स्टिका गोळा करून निघाली. घरी आल्यावर मीच म्हटलं, "ताई, करून टाकू. वय तर खरंच आहे नं. कोणाचं काय जातं?" माझा आवाज चढला होता. ताईनं माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं.

"तू म्हणून राहिली हे? तू?" ती म्हणाली. "उद्या कोणी तपासला तर पोरगी जन्मभरासाठी बाहेर. अन् खरं वय असून खोटी ठरेल. मी नाही करणार. ते साहेब परत येतील, आपण थांबू. तोवर निवडीच्या टेबलावर जो बसला असेल त्याला समजावून सांगू."

तेव्हा सांगितलं असतं तरी काय बदललं असतं? पण मी तेव्हा सांगितलं नाही, एवढं खरं.

निवडीच्या दिवशी दुर्गाचा बाप आला होता. बुधराम त्याचं नाव. धुतलेला पांढरा शर्ट, वरून घोंगडीसारखी शाल. मला पाहून त्यानं हात जोडले आणि बाजूला सरकून उभा राहिला. मला वाटलं, लाजला असेल. स्टेडियमबाहेर बापांच्या, भावांच्या गाड्या लागलेल्या. आया मुलींच्या वेण्या घालत होत्या, केळी सोलून भरवत होत्या. कोणी बातमीवाला कॅमेरा घेऊन फिरत होता, मुली त्याच्यापुढे स्टिक उंच धरून हसत होत्या. टेबलावरच्या माणसानं दुर्गाचे कागद पाहिले, पुन्हा पाहिले.

"बेटा, तुम तो ओवर एज हो."

ताई पुढे झाली. सगळं सांगितलं. अंगणवाडीच्या वहीची प्रत दाखवली, तहसिलीतल्या अर्जाची पोच दाखवली. तो माणूस उद्धट नव्हता. उठून उभा राहिला, ताईला खुर्ची दिली. म्हणाला, "मैडम, मैं मानता हूँ. आपको कौन नहीं जानता. पर मुझे आदेश का काग़ज़ दिखाइए. आज शाम तक भी ला देंगी तो मैं खड़ा कर दूँगा."

संध्याकाळपर्यंत कुठून येणार होता तो? ताई खुर्चीत बसली नाही. टेबलाच्या कडेवर हात ठेवून उभीच राहिली, आणि मी पहिल्यांदा पाहिलं की तिचा हात म्हातारा झाला आहे.

आत शिटी वाजली. तिघी गेल्या. दुर्गा जाळीला लागून उभी राहिली, शिनगार्ड बांधलेलेच होते. तिनं पूर्ण चाचणी पाहिली. मध्येच मला ऐकू आलं, ती स्वतःशी पुटपुटत होती, "बाएँ जाएगी... बाएँ गई." प्रत्येक वेळी बरोबर. तिच्या मागे चार पावलांवर बुधराम उभा होता. तो मैदानाकडे बघत नव्हता. मुलीच्या पाठीकडे बघत होता.

तिघींतली एक निवडली गेली. पेपरात फोटो आला. ताईचंही नाव आलं त्यात. तिनं तो पेपर पुरता वाचला, घडी केली आणि रद्दीत ठेवला.

दुर्गाचा आदेश निघाला निवडीनंतर नऊ दिवसांनी. बयान देण्यापुरता बुधराम आला, सही केली, माझ्याशी एक शब्द न बोलता बसला पकडून गेला. काही दिवसांनी रामकली म्हणाली, "दुर्गा घर चली गई, दीदी. अब नहीं आएगी." पुढच्या वर्षी पुन्हा निवड होती, वयही बसत होतं. ताईनं निरोपावर निरोप धाडले. एकदा मोबाईलला रेंज लागली तेव्हा बुधराम स्वतः बोलला. ताईनं स्पीकर लावला होता. "नहीं दीदी, रहने दो," एवढंच. मुलगी शिकावी, खेळावी म्हणून जंगलातून शहरात पाठवणारा हा माणूस असा कसा दार लावून बसला, ते ताईला कळेना. "निवडीच्या दिवशी अपमान झाला असं वाटलं असेल," ती म्हणायची. मग म्हणायची, "मीच कमी पडले. त्या टेबलाशी अजून भांडायला पाहिजे होतं." मग म्हणायची, "की तो खोटा कागदच करायला हवा होता?" ही शेवटची गोष्ट ती फार हळू म्हणायची. त्या थंडीनंतर तिनं मैदान सोडलं. लोकांना सांगते, गुडघ्यांमुळे.

दोन वर्षं मी ताईच्या तोंडून हे ऐकत राहिले आणि तिच्या गुडघ्यांना तेल लावत राहिले.

या महिन्यात रामकली सहज म्हणाली, दुर्गा आई-बापासोबत शहपुऱ्याकडे मटार तोडायला आली आहे. दर थंडीत कुंडमकडची कितीतरी माणसं येतात तशी. त्या आदेशावरून काढलेला तिचा जन्माचा दाखला अजून माझ्याच कपाटात होता. कुठं ना कुठं तिला लागेलच, या निमित्तानं मी एका दुपारी गेले.

शेताच्या कडेला पोती लागलेली होती. ओळीनं बायका वाकून शेंगा तोडत होत्या. दुर्गा उंच झाली होती. साडीवरून पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला गमछा. मला ओळखून ती उठली, हात शर्टाला पुसले आणि पहिलं विचारलं ते, "बड़ी दीदी कैसी हैं?"

"ठीक हैं," मी म्हटलं.

मी दाखला दिला. तिनं तो जपून धरला, कागदाला मातीचे हात लागू नयेत म्हणून कडांनाच. स्वतःच्या जन्माची तारीख बोट फिरवून वाचली. "पूस ही निकला न. माँ सही बोलती थी."

"दुर्गा, उसके अगले साल पापा ने भेजा क्यों नहीं तुझको?"

तिनं दाखल्याची घडी केली. रागावली नव्हती. मला वाईट वाटू नये असं काही शब्दांत बसतंय का, ते शोधत होती बहुतेक.

"वो सोमवार को हम लोग तहसील में बैठे थे न, दीदी. सबेरे से. साहब ने दो बार अंदर बुलाया. बोले, काग़ज़ दो. पापा बोले, काग़ज़ मैडम के पास हैं, मैडम आती होंगी. फिर मैं बाहर सड़क पर जाके हर बस देखती थी." तिनं गमछा नीट केला. "बाद में मौसी ने मोबाइल में आपका भाषण दिखाया. उसी दिन का. आप मेरा नाम बोल रही थीं, सब लोग ताली बजा रहे थे. पापा ने दो बार देखा."

मी पायाशी पडलेल्या शेंगा उचलून पोत्यात टाकल्या.

"ग़ुस्सा नहीं हुए पापा," ती घाईनं म्हणाली. "बस बोले, बड़े लोग हैं, भूल जाते हैं. तू मत जा अब."

"अब खेलेगी? अब भी..."

"अब कहाँ, दीदी," ती हसली, आणि या वेळी लगेच थांबली. मुकादमानं हाक मारली. ती दाखला चोळीत खोचून पुन्हा ओळीत जाऊन वाकली. मी वळून पाहिलं तेव्हा इतक्या वाकलेल्या पाठींतून तिची कुठली ते ओळखता येईना.

घरी आले तेव्हा ताई ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवत अंगणात बसली होती. मी चप्पलही काढली नाही. तिच्यासमोर पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. फोन, जांभळी साडी, खुंटीवरची पिशवी, धुक्याची थाप. भाषण. दुर्गाचा शब्द न् शब्द. सांगताना मी रडले नाही, रडायचा हक्क मला नव्हता. मला वाटत होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिनं खुर्ची थोडी उन्हात सरकवली. मग म्हणाली, "किती वाजेपर्यंत बसून होते ते?"

"पाचपर्यंत. तहसील बंद होईपर्यंत. मग पायीच गेले, नऊ किलोमीटर. शेवटची बस निघून गेली होती. रामकलीनं सांगितलं हे, आत्ता येताना."

"अन् जेवले काय होते?"

ते मी विचारलंच नव्हतं.